डोळे मिटून ऐकायची कादंबरी

१९३१ साली जेम्स व्हेलने हॉलिवुडमध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' हा चित्रपट काढला. त्याची सुरुवातीची श्रेयनामावली मुद्दाम थांबवून पाहावी. नटांच्या यादीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. ते काम बोरिस कार्लोफचं, पण प्रेक्षकांची उत्सुकता ताणायला त्याचं नाव चित्रपट संपेपर्यंत राखून ठेवलं होतं. त्याच नामावलीत मूळ कादंबरी कुणाची, तर 'मिसेस पर्सी बी. शेली' यांची. म्हणजे लेखिका आहे, पण नवऱ्याच्या नावाने.

चपटं डोकं, गळ्याला दोन्ही बाजूंनी ठोकलेले बोल्ट, जड पाय टाकत चालणं आणि घशातून निघणारी गुरगुर. जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने घडवलेलं हे रूप जगभर पोचलं आणि कादंबरी न वाचलेल्यांनाही ती वाचल्यासारखी वाटू लागली. प्रत्यक्ष पुस्तकात यातलं काहीच सापडत नाही. तिथला जीव आठ फूट उंच आहे. त्याचे केस काळे, तुळतुळीत आणि लांब, दात मोत्यासारखे, कातडी पिवळी आणि ओठ काळे. बर्फाच्या कड्यांवरून तो माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो. तो मांस खात नाही. कंदमुळं, बोरं, ओकची फळं यांवर त्याचं भागतं, आणि कोकरू मारून पोट भरणारा मी नव्हे, असं तो स्वतःच सांगतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो बोलतो. भरपूर बोलतो. आज सगळीकडे मिळणाऱ्या चोवीस प्रकरणांच्या आवृत्तीत अकरा ते सोळा ही सहा प्रकरणं सलग त्याच्या तोंडची आहेत.

त्याची वाचा सिनेमाने काढून घेतली असं म्हणण्याचा मोह होतो. पण ती त्याच्या शंभर वर्षं आधीच गेली होती.

कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये निघाली. तीन खंड, पाचशे प्रती, लेखकाचं नाव नाही. प्रस्तावना पर्सी शेलीने लिहिलेली आणि अर्पणपत्रिका विल्यम गॉडविन या विचारवंताला, त्यामुळे हे पुस्तक पर्सीचंच असावं असा अनेकांचा समज झाला. लिहिणारी मात्र मेरी होती, गॉडविनची मुलगी आणि पर्सीची बायको. ती तेव्हा वीस वर्षांची होती. पुढे जुलै १८२३ मध्ये रिचर्ड ब्रिन्स्ली पीक याने त्यावर नाटक बसवलं. ते चाललं, इतकं की गॉडविनने घाईघाईने कादंबरीची दुसरी आवृत्ती काढली आणि तिच्यावर मेरीचं नाव पहिल्यांदा छापलं. मेरीने ते नाटक स्वतः पाहिलं. जाहिरातीत त्या जीवाच्या भूमिकेसमोर नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या, आणि ही कल्पना तिला आवडली. पण नाटकातला जीव मुका होता. तो हातवारे करी, संगीताच्या तालावर हले, घाबरवी. शास्त्रज्ञाचा विनोदी नोकरही याच नाटकाने आणला; पुढे सिनेमात तो कुबडा होऊन आला.

नाटकाला आठ महिने होतात न होतात तोच ही प्रतिमा ब्रिटिश संसदेत पोचली. मार्च १८२४ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या प्रश्नावर चर्चा चालू असताना परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी या कादंबरीचा दाखला दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की गुलामांना एकदम मोकळं सोडणं म्हणजे अंगात पुरुषाची ताकद पण डोकं लहान मुलाचं असा प्राणी घडवून बसणं. पुस्तक ज्याने मनापासून वाचलं आहे तो इथे चमकेल. ज्याचं डोकं लहान मुलाचं म्हणून सांगितलं जातंय, त्याने पुस्तकात मिल्टन वाचलेला आहे, प्लुटार्क वाचलेला आहे, गटेच्या वेर्टरसाठी तो रडलेला आहे. पण मुक्याच्या तोंडी आपल्याला हवं ते घालता येतं, आणि ही सोय राजकारण्यांना फार लवकर कळते.

म्हणून ही कादंबरी अभ्यासायला घेताना मी एकच सूत्र धरतो: इथे कोण बोलतंय, कोण ऐकतंय आणि त्या वेळी ऐकणाऱ्याचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पाहायचं.

रचनाच तशी आहे. बाहेरचं आवरण रॉबर्ट वॉल्टन या दर्यावर्द्याच्या पत्रांचं. उत्तर ध्रुवाकडे निघालेला हा तरुण इंग्लंडमधल्या बहिणीला, मार्गारेटला, पत्रं लिहितो. बर्फात त्याला मरणासन्न व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन सापडतो आणि आपली कहाणी सांगतो. त्या कहाणीच्या पोटात जीवाची कहाणी आहे. जीव व्हिक्टरला सांगतो, व्हिक्टर वॉल्टनला आणि वॉल्टन बहिणीला. बहीण एका अक्षराने बोलत नाही. तिचं पूर्ण नाव मार्गारेट वॉल्टन सॅव्हिल. त्याची इंग्रजी आद्याक्षरं मेरी वुलस्टनक्राफ्ट शेली या नावाशी जुळतात.

पत्रांच्या तारखाही तपासण्याजोग्या आहेत. सनाच्या जागी फक्त सतराशे काहीतरी एवढंच दिलंय. पण एका पत्रात ३१ जुलैला सोमवार असल्याचं येतं. अठराव्या शतकात असा वार अनेक वर्षी येतो, त्यांतलं एक वर्ष १७९७. पहिलं पत्र ११ डिसेंबरचं आणि शेवटची नोंद १२ सप्टेंबरची, म्हणजे मध्ये नऊ महिने. आता मेरीचा जन्म: ३० ऑगस्ट १७९७. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, 'स्त्रियांच्या हक्कांचं समर्थन' हा १७९२ मधला गाजलेला ग्रंथ लिहिणारी, बाळंतपणानंतर वार पूर्ण पडली नाही म्हणून डॉक्टरने ती हाताने काढली, त्यातून ताप चढला आणि १० सप्टेंबरला गेली. हा हिशेब अभ्यासकांनी मांडलेला आहे. मेरीने तो जाणूनबुजून घातला का, यावर वाद घालता येईल. मला तो योगायोग वाटत नाही.

कारण हे पुस्तक आरंभापासून जन्माबद्दल आहे. १८१४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती पर्सीबरोबर पळून गेली. त्याचं लग्न आधीच झालेलं होतं. फेब्रुवारी १८१५ मध्ये तिला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली आणि दोनेक आठवड्यांत गेली. त्या मार्चमध्ये तिने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं: बाळ नुसतं गारठलं होतं, आम्ही शेकोटीपाशी धरून त्याचं अंग चोळलं आणि ते जगलं. जाग आली तर बाळ नव्हतं. जिनिव्हाच्या सरोवराकाठचा १८१६ चा तो प्रसिद्ध उन्हाळा याच्या सव्वा वर्षानंतरचा आहे. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याने युरोपचा उन्हाळा बुडाला, पावसात अडकलेल्या मंडळींना बायरनने भुताची एकेक गोष्ट लिहायला सांगितली वगैरे कथा इतकी सांगून झाली आहे की ती इथेच सोडतो. गोष्टीला निमित्त पावसाने दिलं असेल. पण मेलेल्या देहात ऊब आणून तो जिवंत करायचा ही कल्पना त्या रोजनिशीत आधीच होती.

आता ती निर्मितीची रात्र जवळून पाहू. इंगोल्श्टाट, नोव्हेंबर महिना, रात्रीचा एक. काचेवर पाऊस टपटपतोय, मेणबत्ती संपत आलीय. वीज कडाडत नाही, छत उघडत नाही, चाकं फिरत नाहीत. अवजारं जमवली, एक ठिणगी घालायची होती, आणि पिवळट डोळा उघडला. एवढंच. व्हिक्टर पळतो, झोपण्याच्या खोलीत जातो आणि कपड्यांसकट पडतो. त्याला स्वप्न पडतं, त्यात वाग्दत्त एलिझाबेथला तो मिठीत घेतो आणि तिचं रूपांतर त्याच्या मेलेल्या आईच्या कलेवरात होतं. दचकून जागा होतो तर पलंगाचा पडदा बाजूला करून तो जीव उभा. जबडा हलतोय, अर्थ न लागणारे आवाज निघताहेत, गालांवर हसल्यासारख्या सुरकुत्या, एक हात पुढे केलेला. व्हिक्टर म्हणतो, मला धरायलाच बहुधा. आणि तो जिन्याने खाली पळतो.

व्हिक्टरचं मत बाजूला ठेवून नुसत्या हालचाली वाचल्या तर काय उरतं? न कळणारे आवाज, हसू, पुढे झालेला हात, आणि आयुष्याची पहिली रात्र. कुठल्याही घरात अशा वेळी कुणीतरी त्याला उचलून घेतं. ज्या माणसाने दोन वर्षं खपून हे घडवलं त्याला एका रात्रीत दिसलं ते फक्त कुरूप तोंड. व्हिक्टरचा अपराध त्याने देवाची बरोबरी केली हा आहे, असं बहुतेक गाइडांत लिहिलेलं असतं. पुस्तक त्याला धरतं ते पुढच्या पाच मिनिटांसाठी.

विज्ञानाकडे मेरीने तुच्छतेने पाहिलं असंही मानू नये. गॅल्व्हानीने बेडकाच्या मेलेल्या तंगडीत विजेने झटके आणले, त्याचा ग्रंथ १७९१ चा. त्याचा भाचा अल्दिनी याने जानेवारी १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेताला विजेच्या तारा लावल्या, तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. पर्सी ज्याच्याकडून औषध घेई तो शस्त्रवैद्य विल्यम लॉरेन्स ही कादंबरी घडत होती त्याच काळात आपल्याच गुरूशी, जॉन अ‍ॅबर्नेथीशी, जाहीर भांडत होता: जीव म्हणजे शरीरात वरून घातलेलं काही वेगळं तत्त्व आहे, की शरीराच्या रचनेचंच कार्य? हे सगळं मेरीच्या घरातल्या गप्पांत होतं. तिने मात्र पहिल्या आवृत्तीत तंत्र मुद्दाम धूसर ठेवलं आणि सारी शाई नंतर काय झालं यावर खर्च केली.

नंतर काय झालं ते आपल्याला मेर द ग्लास या हिमनदीवर कळतं. मेरी आणि पर्सी जुलै १८१६ मध्ये शामोनीला जाऊन ती पाहून आले होते. बर्फावरून धावत येणारा जीव पाहून व्हिक्टर ओरडतो: चालता हो, तुझं हे घाणेरडं रूप माझ्या नजरेसमोरून काढ. जीव पुढे होतो आणि व्हिक्टरच्या डोळ्यांवर आपले हात ठेवतो. घे, रूप काढलं. आता तरी ऐकशील? व्हिक्टर ते हात झिडकारतो, पण मागोमाग एका झोपडीत, शेकोटीपाशी, ऐकायला बसतो. सबंध पुस्तकात मला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. चित्रपटांत तो सहसा येत नाही, यात नवल नाही. ज्या माध्यमाचा सगळा व्यवहार डोळ्यांशी, त्याने प्रेक्षकाच्या डोळ्यांवर हात कसे ठेवायचे?

त्या झोपडीत तो सांगतो: थंडी वाजली, भूक लागली, पाखरांचे आवाज ऐकले, विस्तवात हात घातला आणि भाजला. मग जर्मनीत डी लेसी कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहिला. फळीच्या फटीतून त्यांना पाहू लागला, रात्री त्यांच्यासाठी लाकडं तोडून दाराशी ठेवू लागला. सकाळी दारात लाकडं पाहून त्यांना वाटे, कुणी देवमाणूस येऊन जातो. फेलिक्स आपल्या परदेशी प्रेयसीला, सॅफीला, भाषा शिकवायचा, ती फटीतून हाही शिकला, आणि तिच्यापेक्षा लवकर शिकला असं जरा अभिमानाने सांगतो. जंगलात सापडलेल्या कातडी पेटीत तीन पुस्तकं मिळाली. शिवाय प्रयोगशाळेतून येताना जो अंगरखा पांघरला होता त्याच्या खिशात व्हिक्टरची टिपणं होती, आपण कसे तयार झालो याची चार महिन्यांची. अक्षरओळख झाल्यावर त्याने ती वाचली. आपल्या जन्माबद्दल आपल्या जन्मदात्याने किळसेने लिहिलेलं वाचणं हा प्रसंग मेरीने दोन-चार वाक्यांत उरकलाय, पण त्याच्या पुढच्या सगळ्या वागण्याचं मूळ तिथे आहे.

तो धीर करून आत जातो ती वेळही निवडून. घरात फक्त म्हातारा डी लेसी आहे, आणि तो आंधळा आहे. म्हातारा त्याला बसवतो, विचारपूस करतो, तुझ्या बोलण्यावरून तू खरा माणूस वाटतोस म्हणतो. पुस्तकात या जीवाशी माणसासारखं वागणारा हा एकटा. तेवढ्यात मुलं परततात. अ‍ॅगाथा बेशुद्ध पडते, सॅफी पळते, फेलिक्स काठीने झोडपतो. आंधळा ऐकतो, डोळस मारतात.

इथून पुढे तो खुनी होतो, आणि मेरी त्याला त्यातून सोडवत नाही. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम गळा दाबून मारला जातो, त्याच्या गळ्यातलं लॉकेट घरच्या मोलकरणीच्या, जस्टीनच्या, कपड्यांत सरकवलं जातं आणि त्या निरपराध मुलीला फाशी होते. विल्यम हे मेरीच्या स्वतःच्या मुलाचं नाव. पुस्तक लिहिताना तो रांगता होता, आणि १८१९ मध्ये रोममध्ये तो तापाने गेला. खून होणाऱ्या पोराला आईने आपल्याच पोराचं नाव का द्यावं, या प्रश्नाचं पटण्यासारखं उत्तर मला कुणाच्या टीकेत मिळालेलं नाही.

जीवाची मागणी एकच: माझ्यासारखी एक जोडीदारीण कर, आम्ही दक्षिण अमेरिकेच्या रानात निघून जाऊ. व्हिक्टर कबूल होतो, ऑर्कनी बेटांवर काम अर्ध्यावर आणतो आणि जीवाच्या डोळ्यांदेखत ते फाडून टाकतो. तिने त्याला नाकारलं तर? त्यांना पोरंबाळं झाली तर? प्रश्न वाजवी आहेत. पहिल्या वेळी सुचले नव्हते इतकंच. जीव जाताना बजावतो, तुझ्या लग्नाच्या रात्री मी तिथे असेन. व्हिक्टर महिनोन्महिने याचा अर्थ लावतो आणि प्रत्येक वेळी स्वतःच्याच मरणापाशी पोचतो. ज्याची जोडीदारीण नुकतीच फाडली तो सूड कुणावर घेईल, हे शाळकरी वाचकाच्याही लक्षात येतं. हा पिस्तुलं घेऊन घरभर गस्त घालतो आणि एलिझाबेथ खोलीत एकटी मरते. त्याच्या कानांवर शब्द पडतात, ऐकू येतो तो फक्त 'मी'.

कुठली आवृत्ती वाचावी, हे विद्यार्थी हमखास विचारतात. १८१८ ची आधी वाचावी. १८३१ साली मेरीने कादंबरी पुन्हा हातात घेतली तेव्हा पर्सी बुडून जाऊन नऊ वर्षं झाली होती, तीन मुलं गेली होती आणि एकच उरला होता. नव्या मजकुरात नशिबाची भाषा वाढली. माझ्या हातात काय होतं, असं व्हिक्टर जास्त वेळा म्हणू लागला. एलिझाबेथ आधी त्याची आतेबहीण होती, ती आता दत्तक घेतलेली अनाथ मुलगी झाली. गॅल्व्हानीच्या विद्येचा उघड उल्लेखही याच आवृत्तीत येतो. आणखी एक भर आपल्या नजरेत भरेल. व्हिक्टरचा मित्र हेन्री क्लर्वल, कवी मनाचा आणि पुस्तकातला सर्वांत गोड माणूस, फारसी, अरबी आणि संस्कृत शिकतो. आणि त्याचा बेत हिंदुस्थानात जाऊन तिथल्या भाषांच्या ज्ञानावर युरोपच्या वसाहतींना आणि व्यापाराला हातभार लावण्याचा आहे. मेरी यावर काहीही टिप्पणी करत नाही. ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन, प्रेतांच्या अवयवांतून नवी जात घडवणारा व्हिक्टर आणि हिंदुस्थानाकडे डोळे लावलेला क्लर्वल हे तिघे एकाच शाळेतले वाटतात. क्लर्वल तेवढा खून झाल्यामुळे बचावतो.

जीवाला वाचा आहे हे खरं, पण त्यातही एक मेख आहे. वॉल्टन लिहितो, की माझी टिपणं व्हिक्टरने मागून घेतली आणि जागोजागी दुरुस्त केली, वाढवली. विशेषतः शत्रूशी झालेली संभाषणं. म्हणजे ती सहा प्रकरणं आरोपीची जबानी असली तरी फिर्यादीने तपासून दिलेली आहे. जीवाचं बोलणं व्हिक्टरच्या हाताखालून न जाता आपल्याला फक्त एकदाच मिळतं: शेवटच्या पानांत, व्हिक्टर मेल्यावर, जहाजाच्या केबिनमध्ये. त्याला संपव, असं मरणाऱ्याने वॉल्टनला विनवलेलं असतं. वॉल्टन आत येतो, तो चेहरा पाहतो आणि आपसूक डोळे मिटतो. मग ऐकतो, आणि त्याला दया येते. पुन्हा मित्राच्या प्रेताकडे नजर जाते आणि राग उसळतो. हा क्रम मेरीने इतका काटेकोर पाळलाय की पेन्सिल घेऊन खुणा करत वाचावं.

हस्तलिखिताच्या वह्या ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. चार्ल्स रॉबिन्सन यांनी त्या अक्षर न् अक्षर तपासून पर्सीच्या हातचे किमान चार-पाच हजार शब्द मोजले. मेरीच्या शुद्धलेखनावरची त्याची लाडिक थट्टाही समासात आहे. बहुतेक दुरुस्त्या भाषा भारदस्त करणाऱ्या. शेवटच्या वाक्यालाही त्याने हात लावला. मेरीच्या मसुद्यात वॉल्टन म्हणतो, लाटा त्याला घेऊन गेल्या आणि अंधारात, दूरवर, तो मला दिसेनासा झाला. पर्सीच्या दुरुस्तीत जीव अंधारात आणि दूरवर हरवतो. ज्याला तो दिसेनासा झाला तो वॉल्टन वाक्यातून जातो. छापलं गेलं ते पर्सीचं. त्यात लय जास्त चांगली आहे, हे मान्य करावं लागतं. मेरीचं वाक्य मात्र एवढंच सांगतं की पाहणाऱ्याची नजर कुठवर पोचली; पुढे त्या जीवाचं काय झालं याची ग्वाही ते देत नाही.